केडगावची एक पोथी व मराठी ख्रिस्ती घरांतील नित्यपाठ

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे गोदातीरीचे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत आहे. त्या गावी व आसपासच्या शाळांतून आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविले. ह्या अवधीत पोथी, पारायण आणि नित्यपाठ ह्या गोष्टी आमच्या चांगल्या परिचयाच्या झाल्या. कोणाच्या घरी हरिपाठ, कोणाच्या घरी ज्ञानेश्वरीच्या रोजच्या नेमलेल्या ओव्या, महानुभावाच्या घरी सूत्रपाठ. आणि त्या वाचनातून संसाराच्या रोजच्या अडीअडचणींत माणसास मिळणारा धीर, हे आम्ही जवळून पाहिले आहे. मात्र शास्त्राचे असे घरगुती वाचन हे आमच्याच परंपरेचे वैशिष्ट्य होय, ख्रिस्ती लोकांचे शास्त्र पाद्रीसाहेबांनी रविवारी वाचावे व इतरांनी ऐकावे एवढेच असते, अशी आमची समजूत होती. ती समजूत कोठून आली हे सांगवत नाही. बहुधा अज्ञानातून आली. पूर्णा येथील एका जुन्या पुस्तकाने ती दूर केली. त्या पुस्तकाची हकीकत व त्यावरून मराठी ख्रिस्ती शास्त्राच्या भाषेविषयी सुचलेला विचार वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

पूर्णा हे ह्या जिल्ह्यातील रेल्वेचे जंक्शन. तेथील एका ख्रिस्ती कुटुंबातील मुलगी पूर्वी आमच्या वर्गात होती. तिच्या पणजीचे शास्त्र जीर्ण झाले असून ते कोणत्या छाप्याचे आहे हे कळावे, अशा इच्छेने तिने ते आम्हांस दाखविले. पुस्तक जाडजूड, पुठ्ठे गेलेले, आरंभीची पाने गळालेली, पाठीवर पोत्याचे तरट शिवून बांधलेले. घरात त्याला ‘मुक्तीचे शास्त्र’ म्हणतात. पणजी लहानपणी केडगावच्या मुक्तिसदनात वाढली, तेथेच अक्षर शिकली आणि रेल्वेतील नोकराशी लग्न होऊन पूर्णेस आली, एवढे त्या घरात ठाऊक होते. आम्ही काही उतारे पुण्यास नेऊन छापील प्रतीशी ताडून पाहिले. पंडिता रमाबाईंनी केलेले व केडगावच्या मुक्ति छापखान्यात इ. स. १९२४ (शके १८४६) मध्ये छापून पुरे झालेले ते बायबलाचे मराठी भाषांतर होय, ह्याविषयी संशय उरला नाही.

परंतु आमचे लक्ष वेधले ते समासांनी. पानोपानी, बारीक बालबोध अक्षरांत, पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा आहेत. कोठे तारीख, कोठे नुसते वर्ष, आणि पुढे दोनचार शब्द. त्यांत धर्मचर्चा नाही. निर्गमाच्या पुस्तकात रानातील लोकांना आकाशातून रोजचे अन्न मिळते व ते उद्याकरिता साठविल्यास नासते, असा प्रसंग आहे. तेथे समासात लिहिले आहे, ‘आज दळण नाही. शेजारून आले.’ रोमकरांस पत्रात कोणाचे देणे ठेवू नये असा बोध आहे. तेथे, ‘सव्वा रुपया परत केला.’ स्तोत्रांतील एका पानावर सप्टेंबर १९४८ ही तारीख असून पुढे, ‘गाड्या बंद. ते घरीच.’ त्या महिन्यात भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले व १७ तारखेस निजामाने शरणागती दिली, हे वाचकांस विदितच आहे. इतिहासाचे साधन म्हणून ह्या तीन शब्दांची किंमत फार नाही. पण रेल्वेच्या चाळीत, बाहेर काय चालले आहे हे न कळता बसलेल्या एका बाईने त्या दिवशी कोणते पान उघडले, हे अन्य कोणत्या दप्तरात सापडणार?

येथे एक प्रश्न उत्पन्न होतो. जे शास्त्र मूळचे हिब्रू व ग्रीक भाषांतील, ते पूर्णेच्या चाळीतील बाईस असे हाताशी केव्हा व कसे आले? भाषांतर झाले म्हणून आले, हे उत्तर पुरे नव्हे. भाषांतर झालेले ग्रंथ कपाटातही राहतात, हे जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्यास कोणी सांगावयास नको.

मराठीत ही गरज प्रथम नोंदली गेली ती गोमंतकात. इंग्लंडातील विल्टशायर प्रांताचा फादर टॉमस स्टीफन्स हा येशूसंघी इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आला व मुख्यतः साष्टीत राहून १६१९ मध्ये वारला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ (शके १५३८) मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. अकरा हजारांच्या जवळपास ओव्या, दोन पुराणे, आणि अध्यायास ‘अवस्वरु’ हे नाव. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. पण ह्या तिन्ही छाप्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली म्हणून १९०७ मध्ये मंगळूर येथे सालदान्हा ह्यांना ते प्रकाशित करता आले. देवनागरीत ते १९५६ मध्ये बंडेलू ह्यांनी आणले. असो. आमच्या विषयास महत्त्वाचा आहे तो ग्रंथाचा उपोद्घात. त्यात साष्टीतला एक ब्राह्मण पाद्रीगुरूस म्हणतो, की आपण शिकविता ते उत्तम, परंतु आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केलीत, तेव्हा वाचावयास व काळ घालवावयास आम्हांस काही पुराण असेल तर बरे. ह्या विनंतीतील मर्म पाहावे. ह्या गृहस्थास प्रश्नोत्तरी पाठ येत होती, उपासना चुकत नव्हती. त्यास उणे होते ते घरी उघडून बसावयाचे पुस्तक. स्टीफन्सने ते दिले, आणि ओवीतच दिले, ह्यात त्याची मोठी जाण दिसते. ओवी कानाची आहे. एकाने वाचावी व दहांनी ऐकावी. मात्र १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशभाषांविरुद्ध हुकूम काढला आणि ही परंपरा गोव्यात कुंठित झाली.

दुसरा प्रयत्न बंगाल्यात झाला. श्रीरामपूरच्या विल्यम केरीने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्याच्या हाताशी वैजनाथ शर्मा नावाचे मराठी पंडित होते. (नावावरून आमच्या शेजारच्या परळीशी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो. पण नाव हे प्रमाण नव्हे.) पुढे १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, त्यांनी १८२६ मध्ये आपला स्वतंत्र नवा करार पुरा केला, आणि मुंबईच्या बायबल सोसायटीच्या आश्रयाने भाषांतरे व त्यांच्या दुरुस्त्या शतकभर चालू राहिल्या. ही सर्व मराठी गद्याच्या जडणघडणीच्या काळातली कामे असल्याने त्यांची भाषा कोठे पंतोजीची, कोठे कचेरीची, कोठे साहेबाची झाली आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही. दोन शब्दांविषयी मात्र बोलल्यावाचून राहवत नाही.

पहिला ‘करार’. देवाने मनुष्याशी केलेल्या निबंधनास बंगाली व हिंदी भाषांतरकारांनी ‘नियम’ हा शब्द घेतला, उर्दूत ‘अहदनामा’ झाला. मराठी व गुजराती शास्त्रात मात्र ‘करार’ रूढ आहे. शब्द अरबी, आणि आला तो मुलकी दप्तरातून. कौल, करार, कबुलायत ह्या त्रयीतला. पंडितास तो खटकतो. आम्हांसही पूर्वी खटकत असे. पण मराठवाड्यातल्या कुणब्यास ‘नियम’ म्हटले म्हणजे वरून आलेला हुकूम आठवतो, आणि ‘करार’ म्हटले म्हणजे दोन पक्ष, दोघांची जबाबदारी व मोडल्यास दोष. हिब्रू ‘ब्रीथ’ शब्दाचा हाच आशय आहे. तेव्हा ज्याने कोणी हा शब्द योजिला त्याने कोशापेक्षा गावाकडे अधिक पाहिले, असे म्हणावे लागते.

दुसरा शब्द ‘अनुवाद’. मोशेच्या पाचव्या पुस्तकाचे मराठी नाव ‘अनुवाद’ असे आहे. आजच्या वाचकास वाटते, की हे भाषांतर ते काय आणि बाकीचे काय मूळ? वास्तविक हा शब्द येथे जुन्या शास्त्रीय अर्थाने आला आहे. आधी विहित झालेल्या गोष्टीचे सप्रयोजन पुनर्वचन तो अनुवाद, असे नैयायिक व मीमांसक म्हणतात. आणि त्या पुस्तकात मोशे आधी सांगितलेले नियमशास्त्र लोकांस पुन्हा सांगतो. नाव अचूक आहे, पण अचूकपणा ज्यास कळावा तो वाचक निघून गेला. एकाच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘करार’ आणि अनुक्रमणिकेत ‘अनुवाद’! मराठी शास्त्राची सारी ओढाताण ह्या दोन शब्दांत सामावली आहे.

आमच्या मराठवाड्यात ख्रिस्ती घरे वसली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे कार्य होते. आणि जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी, जे जन्माने ब्राह्मण असून १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले होते, निजामाच्या मुलखात जमीन मिळवून ‘बेथेल’ नावाची वसाहत उभारली. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचे घर. ते १८९१ मध्ये वारले. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडचा लोहमार्ग ह्या भागातून गेला, आणि जालना, सेलू, मानवत, परभणी, पूर्णा ही गावे एका सूत्रात ओवली गेली. ह्या पहिल्या पिढ्यांतील बहुसंख्य माणसे गावकुसाबाहेरची. ज्या शास्त्रांचे शब्द कानी पडू नयेत असे त्यांना पिढ्यान्पिढ्या सांगण्यात आले, त्यांच्या हाती आता एक शास्त्र देऊन ‘वाच’ असे म्हटले जात होते. आम्ही ज्या विद्येवर पोट भरले, तिच्या इतिहासातील हा भाग सुखाने लिहिता येण्यासारखा नाही. परंतु वगळताही येत नाही.

आता रमाबाईंकडे वळू. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही कन्या १८५८ मध्ये जन्मली. आईकडून संस्कृत शिकली, आणि आईबाप व भाऊ ह्यांच्यासह तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत हिंडली. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईबाप गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. पुढे दुष्काळांतील अनाथ मुली व विधवा गोळा करून केडगावी मुक्तिसदन वसविले. हे सर्व चरित्रग्रंथांतून विस्ताराने आलेले आहे. आमच्या मते भाषांतराची किल्ली तिच्या बालपणात आहे. आपल्या आत्मनिवेदनात बाईंनी लिहिले आहे, की पुराण वाचताना आमचे कुटुंब त्याचा देशभाषेत अर्थ सांगत नसे. श्रवणानेच पुण्य लाभते अशी वाचणाऱ्यांची व ऐकणाऱ्यांची श्रद्धा होती. म्हणजे देवळाच्या ओवरीवर बसून, हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी वर्षानुवर्षे अशा श्रोत्यांपुढे वाचीत होती, की ज्यांना एक अक्षर कळत नव्हते. शब्द पोचत होता, अर्थ पोचत नव्हता.

हीच बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हिब्रू व ग्रीक शिकावयास बसली. मराठी बायबल आधीपासून होते. मग नव्याची गरज काय? गरज केडगावातच समोर बसलेली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून व १९०० मध्ये गुजराथेतून मुली आणल्या गेल्या. मुक्तिसदनातील संख्या एका काळी दोन हजारांच्या घरात गेली होती. ह्यांतील कित्येकींची मराठी ही मातृभाषाच नव्हे. अक्षरओळख तर कोणासच नव्हती. अशांच्या हाती संस्कृतप्रचुर गद्य देणे म्हणजे पुन्हा ओवरीवरचे पुराण मांडणे होय. म्हणून बाईंनी कठीण संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले आणि अल्पशिक्षित स्त्रीस वाचता वाचता कळेल अशी साधी मराठी योजिली. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे ही कामे सदनातील बायकांनीच केली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा वारली, ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः बाई गेल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत त्या तग धरून होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुस्तक पुरे झाले ते त्यांच्या पश्चात.

महाराष्ट्रात ही गोष्ट पूर्वी एकदा घडली आहे. महानुभावांच्या स्मृतिस्थळात आठवण आहे, की केशोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस निवारिले. कारण, अशाने आमच्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. केशोबासही संस्कृतज्ञ आणि रमाबाईही. संस्कृत न येणाऱ्याने ते टाकणे सोपे असते. ज्यास ते येते, ज्याच्या जिभेवर समास आपोआप जुळतात, त्याने एखाद्या म्हातारीसाठी ते आवरणे, ह्यास आम्ही फार मोठा संयम समजतो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. वर्गात रमाबाईंचा धडा येई तेव्हा आम्ही मुलांस सांगत असू, की एवढे संस्कृत पांडित्य बाईंनी भाषांतरात वाया घालविले. ती भाषा सपक आहे. पूर्णेचे पुस्तक हातात घेऊन बसलो तेव्हा हे विधान मागे घ्यावे लागले. सर्वस्वी मात्र नव्हे. मूळ वाक्यरचनेस अतिशय चिकटून राहिल्याने बाईंची मराठी जागोजाग अडखळते, आणि स्तोत्रसंहितेत तर नादाची उणीव फारच जाणवते. जे गाण्यासाठी आहे ते नुसते समजून भागत नाही. ही उणीव दुसरीकडून भरली गेली. नारायण वामन टिळकांस १८९३ मध्ये आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती घरांस अभंग दिले. पूर्णेच्या त्या पुस्तकात टिळकांच्या पदांची एक फाटकी वही खोवलेली होती, ती उगीच नव्हे.

बाईंच्या भाषांतराचा चर्चमध्ये सार्वत्रिक स्वीकार झाला नाही. बायबल सोसायटीचेच भाषांतर व्यवहारात राहिले. त्यावरून काही अभ्यासक ह्या ग्रंथास निष्फळ पराक्रम म्हणतात. आमच्या मते ग्रंथाचे यश पीठावर मोजणे येथे अप्रस्तुत आहे. तो ज्यांच्याकरिता केला त्यांनी त्याचे काय केले हे पाहिले पाहिजे, आणि त्याचा पुरावा समासात मिळतो.

पेरणाऱ्याच्या दाखल्याचे पान घ्या. बी वाटेवर पडते, खडकावर पडते, काट्यांत पडते. आमच्या काळ्या रानात ज्वारी तिफणीने पेरतात. चाड्यावर मूठ धरलेली बाई किंवा बापा बी नळीतून सरळ तासात सोडतो, ते वाटेवर पडेल कसे? शाळेत शिकलेल्या आम्हांस ही शंका कधी आली नाही. पणजीबाईंना आली. समासात आहे, ‘तिफण नव्हे. फोकून.’ आणि त्याखाली, निराळ्या शिसाने, बहुधा पुष्कळ वर्षांनी, ‘फोकणारा बी मोजत नाही.’ परस्पर दूर असलेल्या दोन देशांच्या पेरणीतला भेद तिने ओळखला, आणि त्यावरून दाखल्याचा अर्थही लावला. संस्कृत टीकाकार ह्याहून अधिक काय करितो?

काही टिपा कडू आहेत. नीतिसूत्रांत जिभेविषयीच्या एका वचनाशी, ‘सूनबाईस बोलले. चूक माझी.’ इयोबाच्या पुस्तकात, जेथे तो मनुष्य राखेत बसून आपल्या जन्मदिवसास शाप देतो, तेथे फक्त एका मुलाचे नाव व तारीख आहे. ते नाव येथे देत नाही. त्या पानावर पुढे काही लिहिलेले नाही. पण त्यानंतरच्या स्तोत्रांत तीन आठवड्यांनी पुन्हा तारखा सुरू होतात. मधल्या दिवसांत वाचन थांबले होते की नुसते लिहिणे, हे सांगता येत नाही. १९७२ च्या मोठ्या अवर्षणात, ‘विहीर आटली. टँकर.’ अशी टीप यशयात आहे. शेवटच्या टिपेस तारीख नाही आणि अक्षर थरथरते आहे: ‘चष्मा. नातीने वाचले.’

असे पुस्तक एखाद्या संशोधनसंस्थेच्या संग्रहात सुरक्षित राहावे, असे आम्हांस वाटले व तशी विनंती आम्ही त्या कुटुंबास केली. आमच्या विद्यार्थिनीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, ‘गुरुजी, तुम्हांला टिपा पाहिजेत तर उतरून घ्या, दुपारी केव्हाही या. पण दिवेलागणीला पुस्तक लागतं. सध्या यिर्मया चालू आहे.’ त्याप्रमाणे आम्ही दुपारी जात असून, आतापर्यंत स्तोत्रसंहितेपर्यंतच्या टिपांची नक्कल झाली आहे.